ताडोबा, मोहर्ली गेट: वाघाला चार स्टार, तारूला पाच

आधी कामाचं लिहिते, कारण निम्मे लोक तेवढंच वाचून पुढे जाणार आणि त्यात काही चूक नाही, मीही तेच करते. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही तिघं गेलो होतो, मी, नवरा आणि माझी आई (वय ७४, दोन्ही गुडघे कुरकुरतात). पुणे ते नागपूर रेल्वे, पुढे गाडीने मोहर्ली. दोन रात्री, तीन सफारी, दोन कोअरमध्ये (म्हणजे जंगलाचा आतला राखीव गाभा) आणि एक बफरमध्ये (त्याभोवतीचा, गावं असलेला पट्टा) आगरझरीला. बुकिंग ऑनलाइनच करायचं आणि ज्या ओळखपत्राचा नंबर तिथे टाकला तेच सोबत न्यायचं, गेटवर नाव जुळवून बघतात, आमच्या पुढच्या गाडीतल्या एका काकांनी दुसरंच कार्ड आणलं होतं तर त्यांची धावपळ बघवत नव्हती. शनिवार-रविवारी दर जास्त असतात. मंगळवारी पार्क बंद. १ जुलै ते ३० सप्टेंबर कोअर बंद, बफरमधले काही गेट तेव्हा चालू असतात. एका जिप्सीत (उघडी जीप) सहा पर्यटक, वर गाइड आणि ड्रायव्हर, गाइड घ्यावाच लागतो. कोअरमध्ये मोबाइल नेऊ देत नाहीत, कॅमेरा चालतो. ही मोबाइलची गोष्ट मला आधी जाचक वाटली होती, आता वाटतं की सगळ्या देवळांत हाच नियम करावा.

जिप्सीत चढणं हा वयस्कर माणसांसाठी खरा प्रश्न आहे, पायरी उंच असते. आमच्या ड्रायव्हरकडे प्लॅस्टिकचं स्टूल होतं, आईला हात देऊन अगदी जपून चढवलं त्याने. तरी बुकिंग करताना विचारून घ्या, सगळ्यांकडे असेलच असं नाही. मागच्या उंच सीटवर म्हाताऱ्या माणसांना अजिबात बसवू नका, कंबरेचं भजं होतं.

राहिलो त्या रिसॉर्टचं नाव लिहीत नाही, कारण माणसं चांगली होती, फक्त डोकं चालवलेलं नव्हतं. रूम स्वच्छ, एसी थंडगार, पण रात्री लॉनवर कराओके! जंगलाच्या दाराशी येऊन कराओके कोण करतं? बाहेर रातवा पक्षी ओरडत असेल तो ऐकायचा सोडून मी एका अनोळखी माणसाचं बेसूर रोमँटिक गाणं ऐकत पडले होते आणि पहाटे चारला उठायचं होतं. जेवणात पनीर आणि मंचुरियन. विदर्भात येऊन वडाभात मागितला तर म्हणे आदल्या दिवशी सांगावं लागतं, बरं आदल्या दिवशी आम्ही ट्रेनमध्ये होतो. परत जाताना रस्त्यावरच्या टपरीवर तर्री पोहे खाल्ले ते या सगळ्या बुफेच्या वरचढ होते. रिसॉर्टला दोन स्टार, त्यातला एक एसीचा.

पहिली सफारी दुपारची होती. ऊन म्हणजे काय ते चंद्रपूर जिल्ह्यात कळतं, मार्चमध्येच सीटचं रेक्झिन इतकं तापलेलं की आईने पदर दुमडून खाली घेतला. आत शिरून अर्धा तास झाला नसेल, तेलिया तळ्याच्या बाजूला गाड्या थांबलेल्या दिसल्या आणि आमच्या ड्रायव्हरने अशी गाडी हाणली की मी देवाचं नाव घेणार होते (घेतलं नाही, त्याचं पुढे सांगते). आणि होताच तिथे. वाघ. पाण्याकडे पाठ करून मागे मागे सरकत अलगद पाण्यात बसला, आपण टबात बसताना पाणी किती गरम आहे ते बघत बसतो ना, तस्सा. डोळे मिटले. शेपटीचं टोक तेवढं हलत होतं. मोजल्या मी, चौदा जिप्सी. कॅमेऱ्यांचा टकटकाट, एक पोरगं सारखं पप्पा पप्पा करत होतं, एक बाई मैत्रिणीला सांगत होती की अगं मागच्या वेळी आम्हाला तीन दिसले होते. वाघाने एकदा आमच्या सगळ्यांकडे बघितलं, कंटाळा आल्यासारखं, आणि परत डोळे मिटले. वीस मिनिटं बघितला. पैसे वसूल. नवऱ्याने इतके फोटो काढले की कार्ड भरलं.

आई म्हणाली, "छान आहे हो. आता सावलीत जाऊया का?"

मला हसू आलं आणि मग जाणवलं की मलाही तसंच वाटत होतं. म्हणजे बघा, पहाटे उठायचं, ओळखपत्र दाखवायचं, रांगेत लागायचं, जास्त पैसे मोजले तर हव्या त्या दिवशी नंबर लागणार, आत गेल्यावर गर्दी, धक्काबुक्की, लांबून थोडा वेळ दिसणार, आणि बाहेर आल्यावर एकमेकांना एकच प्रश्न. देवळाबाहेर विचारतात झालं का दर्शन, इथे विचारतात झाली का साइटिंग. पंढरपुरात मुखदर्शनाची रांग वेगळी आणि पदस्पर्शाची वेगळी असते, आमचं हे मुखदर्शन झालं. म्हणून वाघाला चार स्टार. एक कापला तो वाघाचा नाही, आमचा, चौदा गाड्यांचा.

गाड्यांचा विषय निघालाच आहे तर हेही लिहिते. २०२४ च्या ३१ डिसेंबरला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात वाघीण आणि तिच्या पिल्लांना जिप्सींनी दोन्ही बाजूंनी घेरलं होतं, व्हिडिओ सगळ्यांनी बघितला असेल, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली होती. मी घरी बसून तो बघून चिडले होते. आणि इथे मीच ड्रायव्हरला म्हणाले, भाऊ थोडं पुढे घ्या ना. तो नाही म्हणाला. त्याला त्याबद्दल वेगळे पाच स्टार.

आता दुसऱ्या सफारीचं, खरं तर हा रिव्ह्यू त्याच्यासाठीच लिहायला घेतलाय. त्याआधी एक खासगी गोष्ट सांगावी लागेल नाहीतर पुढचं कळणार नाही. आमचं घर माळकरी, आईने कितीतरी वाऱ्या केल्या आहेत. मी पण रोज दिवा लावणारी. बाबा गेले त्याला अडीच वर्षं झाली, अकरा दिवस आयसीयूत होते, आणि तेव्हापासून मी देवाला दिवा लावलेला नाही. भांडण वगैरे काही नाही हो. नुसतं बोलणं बंद आहे, जसं एखाद्या नातेवाइकाशी होतं तसं. आई काही बोलत नाही, ती तिचा दिवा लावते आणि माझ्याकडे बघत नाही.

तर दुसरी सफारी पहाटेची. मार्च असला तरी उघड्या जिप्सीत पहाटे वारं झोंबतं, कानटोपी न्या, लोक हसतील, हसू दे. गाइड नंबराने मिळतो, आपल्या पसंतीचा नाही, आणि आमच्या नशिबाने पन्नाशीचे एक भाऊ आले, बफरमधल्याच गावचे, कमी बोलणारे. आदल्या दिवशीचा गाइड सारखा 'मॅडम वाघ दाखवतोच' म्हणत होता, हे म्हणाले, "आजी, जंगल दाखवतो. बाकी त्याच्या मर्जीवर हाये."

खातोडा गेट ओलांडून आत गेलं की रस्त्याच्या कडेला ठराविक अंतरावर जुने दगडी खांब दिसतात, गोंड राजांच्या काळातले, त्यांवरून दोरी नेऊन घंटेने निरोप पोचवायचे असं सांगतात. सागाची पानं झडलेली, खाली सगळा पाचोळा, त्यावरून मुंगूस गेलं तरी कागद चुरगळल्यासारखा आवाज. बांबू वाळून पिवळे पडलेले. मध्येच एक कांडोळाचं झाड, एकही पान नाही, अंगाने पांढरंफटक, पहाटेच्या त्या अर्ध्या उजेडात असं उभं होतं की नवऱ्याने माझा दंड धरला. याला भुताचं झाड म्हणतात ते उगाच नाही. आणि मोहाचा वास! तो गोडसर, थोडा आंबूस वास वळणावर एकदम अंगावर येतो आणि पुढच्या वळणाला गायब. मग पांढरपौनी आलं. गाइडभाऊंनी नाव सांगितलं तर आईला ऐकू आलं 'पंढरपूर', तिने लगेच हात जोडले, आम्ही सांगितलं अगं आई हे पाणवठ्याचं नाव आहे, तर म्हणाली जोडलेले हात काय परत घेऊ आता? राहू दे.

पुढे ताडोबा तलाव. मोठा आहे, काठाला कमळाची पानं, मगरी आहेत, एक आम्हाला दिसली पण पाच मिनिटं मी तिला ओंडकाच समजत होते. तिथे एका जागी भाऊंनी गाडी हळू करायला लावली, टोपी काढली, झाडांकडे बघून हात जोडले. ओठ हलले. मग टोपी परत घातली आणि चल म्हणाले ड्रायव्हरला. आईच्या नजरेतून असलं काही सुटत नाही. तिने विचारलं कोणाचं ठिकाण आहे. ते म्हणाले, तारूदेवाचं.

तारूची गोष्ट तुम्ही वाचली असेल, मीही वाचली होती, माहितीच्या फलकावर दोन ओळीत असते तशी. तारू हा गावचा प्रमुख होता, वाघाशी लढताना मेला, तळ्याकाठी मोठ्या झाडाखाली त्याचं ठाणं झालं, गोंड लोक त्याला देव मानतात, त्याच्यावरूनच ताडोबा. पौषात जत्रा भरते. जंगलाला नॅशनल पार्क केलं १९५५ मध्ये, राज्यातलं पहिलं, शेजारचं अंधारी अभयारण्य झालं १९८६ ला आणि दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प १९९५ ला. म्हणजे सरकारी गेट आणि पास आत्ताचे, तारू तिथे कधीचा बसलाय.

आईने विचारलं, "म्हणजे वाघाने मारला तो देव झाला?"

"हो आजी."

"आणि वाघ?"

"तो पन देवच ना."

आईने मान डोलावली, जणू काही यात विचारण्यासारखं काही नव्हतंच. तिचं माहेर जुन्नरकडचं, शिवेवर वाघोबाचा शेंदूर लावलेला दगड, ती लहानपणी त्याला नैवेद्य घेऊन जायची, बिबट्या तिथे तेव्हाही होता आणि आता तर उसात सर्रास आहे. तिच्या हिशोबात हे सगळं बसतं. माझ्या बसेना. मी मागे बसून विचार करत राहिले की आपले देव जिंकणारे असतात, कोणीतरी राक्षस पायाखाली असतोच. इथे देव म्हणजे हरलेला माणूस. वाघ जिंकला, तारू मेला, आणि लोकांनी दगड मांडला तो मेलेल्याचा, आणि वाघालाही कोणी राक्षस केलं नाही, दोघांनाही हात जोडले. बाबा अकरा दिवस लढले होते. मी अडीच वर्षं ज्याच्यावर रुसून बसले होते तो जिंकवणारा देव होता, बाबांना ज्याने जिंकवलं नाही तो. हरलेल्यालाच देव करतात अशीही एक पद्धत आहे, हे मला चाळीस-पंचेचाळीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं.

हे सगळं डोक्यात चालू असतानाच सांबर ओरडलं, वाघाची चाहूल लागली की ओरडतं तसं. एकदाच. ढाँक. भाऊंनी हात वर केला, ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. आसपास दुसरी गाडी नव्हती. ज्यांनी अनुभवलंय त्यांना माहीत आहे, इंजिन बंद झाल्यावर पहिला मिनिटभर कानात नुसतं घूं होतं आणि मग एकेक आवाज यायला लागतो. पान पडलं. कुठेतरी सुतारपक्षी ठोकतोय. माझ्याच कानात माझीच नाडी. मग डावीकडच्या झाडावर वानराने खॅक केलं, शेंड्यावर बसून एकाच दिशेला बघत, आणि ती दिशा आमचीच होती, आमच्या मागची. परत खॅक. परत सांबर, या वेळी जवळ. भाऊ हलले नाहीत, नुसती बोटाने खूण, मागे बघू नका, हलू नका.

आदल्या दिवशी वाघ समोर होता आणि मला भीती वाटली नव्हती. आज काहीच दिसत नव्हतं आणि अंगावरचा केस न् केस उभा. इतकी लहान मी शेवटची कधी झाले होते आठवत नाही. आणि त्या भीतीत तक्रार नव्हती हे मला फार विचित्र वाटलं, आयसीयूच्या बाहेर बसले होते तेव्हा भीती होती आणि तिच्यासोबत सगळ्या जगाबद्दल राग होता, इथे नुसती भीती, स्वच्छ, आंघोळ केल्यासारखी. कधी सुरू झालं कळलं नाही पण माझे ओठ हलत होते. विठ्ठल विठ्ठल विठ्ठल. आवाज नाही, नुसते ओठ. शेजारी बघितलं तर आई माझ्याकडे बघत होती. लगेच तिने नजर वळवली.

पंचवीस मिनिटं थांबलो असू. वानर गप्प झालं. काही निघालं नाही. भाऊंनी ड्रायव्हरला गाडी वळवायला सांगितलं आणि आलो त्याच रस्त्याने शंभर पावलं मागे गेलो तर थांबवली, खाली बोट दाखवलं. धुळीत आमच्याच टायरची नक्षी, आणि तिच्यावर पंजा. टायरच्या खाली नाही, वर. म्हणजे आम्ही गेल्यावर, आमच्या मागून, रस्ता ओलांडून गेला होता. नवऱ्याने फोटो काढायला कॅमेरा उचलला आणि न काढताच ठेवला, तो असं कधी करत नाही.

तिसरी सफारी आगरझरी बफर, तिचं थोडक्यात. जनावरं कमी दिसली, गवे दिसले, रानकुत्र्यांची टोळी दिसली, पण लक्षात राहिल्या त्या मोह वेचणाऱ्या बायका, पहाटेच झाडाखाली वाकून टोपल्या भरत होत्या, एका हाताने फुलं वेचायची आणि दर थोड्या वेळाने मान वर करून झाडीत बघायचं. आमची गाइड मुलगी होती, पंचविशीतली, एकदम चुणचुणीत. तिचा मामा तेंदूपत्त्याला गेला होता तो वाघाने नेला, हे तिने पक्ष्याचं नाव सांगावं तसं सांगितलं. मी विचारलं, राग येत नाही का गं, रोज लोकांना तोच वाघ दाखवायला आणतेस?

"राग येते ना ताई. येत नाही असं कसं? पन सकाळी ड्युटी असते."

मला हे जंगलाबद्दल ऐकलेलं सगळ्यात खरं वाक्य वाटतं. आपण शहरातून येऊन दोन दिवस 'निसर्ग हाच देव' म्हणून जातो, सोपं असतं ते, आपल्याला कोणाला मोह वेचायला जायचं नसतं. ताडोब्याची माया वाघीण आठवत असेल, पांढरपौनीची राणी, फोटोग्राफर तिच्यासाठी देशभरातून यायचे, २०२३ च्या पावसाळ्यात गायब झाली तर लोक हळहळले. त्याच मायाने नोव्हेंबर २०२१ मध्ये व्याघ्रगणनेच्या कामावर असलेल्या एका महिला वनरक्षकाचा जीव घेतला होता. मी गाइडमुलीला मायाबद्दल विचारलं तर ती म्हणाली, लय देखणी होती. मग थोडं थांबून म्हणाली, त्या मॅडमची पोरगी लहान होती.

तर मला तिथे श्रद्धा वगैरे सापडली का? काहीतरी सापडलं. काय ते नीट सांगता येत नाही, पण ते गोड नाही, कॅलेंडरवर छापण्यासारखं तर अजिबात नाही. पुण्याला आल्यावर दिवा मी लगेच लावला नाही. आठ-दहा दिवसांनी एका संध्याकाळी आईच्या हाताला भाजलं होतं म्हणून लावला. आणि मग दुसऱ्या दिवशीही लावला.

जाणाऱ्यांसाठी राहिलेलं: एकच सफारी करू नका, पहिली सफारी डोळ्यांना सवय होण्यातच जाते. एक तरी पहाटेची घ्या. फिके, मातकट रंगाचे कपडे घाला, सेंट लावू नका. पाणी आणि लिंबू-मीठ-साखर सोबत ठेवा. गाइडला पहिल्यांदाच सांगून टाका की वाघ नाही दिसला तरी चालेल, तुम्हाला जे आवडतं ते दाखवा, त्याचा चेहरा बघा कसा बदलतो. आणि इंजिन बंद करून थांबायला सांगा. त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत.

निघताना आईने दुसऱ्या दिवशीच्या गाइडभाऊंच्या हातात एकावन्न रुपये ठेवले, टिप आम्ही वेगळी दिली होती, हे तारूसाठी. पौषात जत्रेला जाल तेव्हा माझ्या नावाने वाहा म्हणाली. ते घेत नव्हते. मग घेतले, कपाळाला लावून वरच्या खिशात ठेवले, आणि माझा फोन नंबर घेतला.

अपडेट, जानेवारी: काल त्यांची व्हॉइस नोट आली. फोटो नाही, आत मोबाइल नेता येत नाही ना. बारा सेकंदांची आहे. "आजी, तुमचे एकावन्न पोचले बरं का. गर्दी होती. थंडी लय हाये औंदा." आईने ती तीनदा ऐकली आणि मला विचारलं, आपलं परतीचं तिकीट बाप्पाच्या कृपेने कन्फर्म झालं होतं ना मागच्या वेळी, मग आता ऑक्टोबरचं बघ.